भूपालअण्णांचा कान

गेल्या आठवड्यात उद्यमनगरच्या कोपऱ्यावर फ्लेक्स लागला. भूपालअण्णांचा फोटो, मागे ढग, ढगांतून येणारे किरण आणि खाली ठळक अक्षरांत ‘डिझेल गाड्यांचे जादूगार’. त्याखाली ‘शोकाकुल’ म्हणून अकरा चेहरे. पहिला चेहरा त्यांच्या धाकट्या भावाचा, सुकुमारचा, गॉगल लावलेला. सगळ्यांत खाली गॅरेजचं नाव, फोन नंबर आणि ‘आमची कोठेही शाखा नाही’. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर जाहिरात करायची आमच्या गावाला लाज नाही, त्याचं मला नवल वाटलं नाही. राग आला तो ‘जादूगार’चा. अण्णांनी वाचलं असतं तर म्हणाले असते, "जादू कराय मी काय जत्रंत तंबू ठोकलाय व्हय?"

जादू वगैरे काही नव्हती. उलट त्यांच्याइतका पायरी न चुकवता चालणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मी शेतीच्या औषधांच्या कंपनीत फिरतीवर असतो. एका टोकाला चंदगड, दुसऱ्या टोकाला कुरुंदवाड, मध्ये कागल. कंपनी किलोमीटरमागे ठरावीक भत्ता देते, त्यामुळे गाडीचं ॲव्हरेज पडलं की ती तूट माझ्या खिशातून भरावी लागते. माझी जुनी, दुसऱ्या हाताची डिझेल गाडी एका पावसाळ्यात अचानक रुसली. चंदगडच्या ज्या चढाला ती तिसऱ्या गिअरवर हसत जायची, तिथं पहिल्यावर कण्हायला लागली. लिटरला एकोणीस देणारी तेरावर आली आणि मागे काळा धूर. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, टर्बो गेला. दुसऱ्याने सांगितलं, चारही इंजेक्टर बदला. इंजेक्टर म्हणजे इंजिनात डिझेलचा फवारा मारणारी पिचकारी. नाव पिचकारीसारखं सोपं नाही आणि किंमतही नाही. दोघांपैकी कुणीही गाडी चालवून बघितली नव्हती. तेव्हा कुणीतरी अण्णांकडे पाठवलं.

उंच, किडकिडीत माणूस. पांढरा फुल शर्ट, बाह्या मनगटापर्यंत बंद, आणि त्यावर तेलाचा एक थेंब नाही. कानांतून पिकलेले केस बाहेर आलेले. मी बॉनेट उघडायला गेलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. बॉनेट हुगडायची लई घाई असती लोकास्नी. आदी बसूया की."

ते डाव्या सीटवर बसले. एसी बंद, गाणी बंद, काच खाली. वाघबिळाच्या चढाला न्यायला सांगितली. जाताना विचारलं, डिझेल कुठं भरता, घरात आणखी कोण चालवतं, क्लचवर पाय ठेवायची खोड आहे का. चढ लागला तसे त्यांनी डोळे मिटले. तेवढ्यात माझा फोन वाजला आणि मी उचलला. अण्णा म्हणाले, "थांबवा." खाली उतरले, रस्त्याकडेच्या दगडावर जाऊन बसले आणि तिथनं ओरडले, "तुमचं मिटलं की हाक मारा!" मी तो फोन कसाबसा संपवला.

वर पोचल्यावर त्यांनी चारही चाकांना उलटा हात लावला. मागच्या उजव्या चाकाशी मला बोलावलं. हात ठेववेना इतकं तापलेलं.

"पावणं, तुमी ब्रेक दाबून चंदगडला जाताय आन् पंपवाल्याला शिव्या देताय," ते म्हणाले. "ही एक चोरी. दुसरी तिसऱ्या गिअरला दाबल्यावर शिट्टी मारत हुती. ऐकलासा न्हाई?"

मी काहीच ऐकलं नव्हतं. टर्बोची हवा इंजिनाकडे नेणारा रबरी पाइप बोटभर फाटला होता. डिझेल पुरं, हवा अपुरी, म्हणून काळा धूर आणि म्हणून दम नाही. पाइप बदलला, अडकलेली हँडब्रेकची केबल सोडवली आणि दुपारच्या आत गाडी तयार झाली. तरीही त्यांनी मला सोडलं नाही. "इंजेक्टरवर आळ आलाय, त्यो धुऊन जाऊ द्या," म्हणाले. आतून खोकल्याच्या औषधाच्या चार रिकाम्या बाटल्या आणल्या, चारी एका मापाच्या. प्रत्येक इंजेक्टर न वापरलेलं डिझेल एका नळीतून परत पाठवतो. त्या चार नळ्या त्यांनी चार बाटल्यांत सोडल्या आणि इंजिन चालू ठेवलं. जो इंजेक्टर आतून झिजलाय त्याची बाटली लवकर भरते. माझ्या चारी बाटल्या सारख्या भरल्या. मग त्यांनी चारी इंजेक्टर काढून पुसले, सुईने प्रत्येकाच्या पोटाला नखाएवढी चंद्रकोर ओरखडली आणि पुन्हा बसवले.

ही चंद्रकोर कशाला, असं विचारलं तेव्हा त्यांनी गावाकडची गोष्ट सांगितली. ते मूळचे कुरुंदवाडचे, जैन शेतकऱ्याघरचे. त्यांच्या तरुणपणी नदीकाठाला पाणी उपसायची डिझेल इंजिनं ओळीनं लागलेली असत. ऐन उन्हाळ्यात एखाद्याचा नोझल, म्हणजे इंजेक्टरचं तोंड, बिघडला की शेजारच्याचा काढून आपल्यात घालायचा, ही सर्रास रीत. म्हणून प्रत्येक शेतकरी आपल्या नोझलवर आपली खूण ओरखडून ठेवी. कुणाची फुली, कुणाचं त्रिशूळ, कुणाचे दोन ठिपके. अण्णांना काठावरच्या सगळ्या खुणा पाठ होत्या, त्यामुळे भांडण लागलं की न्यायाला त्यांना नेत. एकदा चोरीचा नोझल त्यांच्या सख्ख्या मावसभावाच्या इंजिनात सापडला. अण्णांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं. मावसभाऊ गाव सोडून गेला आणि मावशी मरेपर्यंत अण्णांशी बोलली नाही.

"खरं बोललो, त्येचं वाईट वाटत न्हाई," ते म्हणाले. "पर त्या दिसापासनं ठरवलंय. घरच्या माणसाचं नाव माज्या त्वांडातनं परत न्हाई."

तेव्हापासून नऊ वर्षं मी त्यांच्याकडे जात होतो आणि नऊ वर्षं ते मला पावणंच म्हणत होते. संध्याकाळी साडेपाचला हातातलं काम टाकून भुसा आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, कारण दिवस मावळायच्या आत जेवायचं. समोर आमदाराची गाडी असली तरी. गाडीला कॉम्प्युटर लावून बघायचं यंत्र आलं तेव्हा ते नाक मुरडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी चष्मा लावून ते दोन दिवस शिकून घेतलं आणि निकाल दिला, "ह्ये खोटं बोलत न्हाई. पर इचारल्याबिगर बोलत बी न्हाई." कुणी ॲव्हरेजची तक्रार घेऊन आला की आधी त्याची डिकी उघडत. एका बागायतदाराच्या डिकीत गेल्या हंगामातली खताची दोन पोती निघाली. अण्णांनी ती खाली उतरवून घेतली आणि म्हणाले, "जावा. झाली गाडी रिपेर." ॲव्हरेज गाडी देत नाही, पाय देतो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते ऐकून गिऱ्हाईक चिडायचं आणि पुढच्या खेपेला दुसऱ्याला घेऊन यायचं.

गाडीचा दोष ओळखणं अण्णांचं. पार्ट बसवणं, फोन, गिऱ्हाईक हे सगळं सुकुमारचं. तो त्यांच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. आईबाप लवकर गेले, म्हणून अण्णांनीच त्याला वाढवलं, पाना धरायला शिकवलं, लग्न करून दिलं. बोर्डावर मात्र नाव एकट्या अण्णांचं होतं, ‘भूपाल डिझेल’. सुकुमार गोड बोलायचा. मला तर तो अण्णांपेक्षा बरा वाटायचा, कारण तो फोन उचलला म्हणून गाडीतून उतरायचा नाही.

तीनेक वर्षांपूर्वी गाड्या परत यायला लागल्या. अण्णांनी तपासून बरी म्हणून सोडलेली गाडी दोन महिन्यांत धूर ओकत दारात. पुन्हा तीच तक्रार, दम नाही, ॲव्हरेज नाही. आधी एक, मग तीन, मग दर पंधरवड्याला एक. दुसरा कुणी असता तर गिऱ्हाइकाच्या डोक्यावर खापर फोडून मोकळा झाला असता. अण्णा मान खाली घालून म्हणायचे, "माजं चुकलं. ऐकण्यात चुकलं." आणि गाडी खोलायला सुकुमारकडे सोपवायचे.

कानाच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने कान उत्तम आहेत. अण्णांचा विश्वास बसला नाही. "डब्यात बसवून टुकटुक वाजवतंय. त्यात गाडी कुठं हाय?" सुकुमार मायेने म्हणायचा, "अण्णा, वय झालं आता. बसा की जरा निवांत. मी हाय न्हवं?" हळूहळू अण्णा गाडीत बसेनासे झाले. गॅरेजच्या मागच्या बाजूला लोखंडी खुर्चीवर बसून नटबोल्टांचे वायसर निवडायचे. मोठे एका डब्यात, लहान दुसऱ्यात. मी जाऊन बोललो तरी वर बघत नसत.

सगळ्यांत जास्त त्यांना लागलं ते मोहितेबाईंचं. ह्या कागलच्या शाळेत शिक्षिका. त्यांच्या नवऱ्याचं खताचं दुकान माझं गिऱ्हाईक, मीच बाईंना अण्णांकडे धाडलं होतं. त्यांची गाडी दोनदा परत आली, दुसऱ्या वेळी भर हायवेवर, सासऱ्यांना दवाखान्यात नेताना बंद पडून. अण्णा एसटीने कागलला गेले आणि त्यांच्या दारात उभे राहून माफी मागून आले. बाई दारातूनच म्हणाल्या, "ऐकू येत नसेल तर घरी बसावं माणसानं. लोकांच्या जिवाशी कशाला खेळता?" हे मला बाईंच्या नवऱ्यानेच हसत हसत सांगितलं. मी हसलो नाही, पण अण्णांच्या बाजूने चकार शब्दही बोललो नाही. खरं सांगायचं तर, म्हातारा आता संपला, असं मलाही वाटत होतं.

मग माझीच गाडी बिघडली. अण्णा कुरुंदवाडला लग्नाला गेले होते तेव्हा क्लचच्या कामासाठी ती तीन दिवस सुकुमारकडे होती. त्यानंतर महिन्याभरात पुन्हा तेरा, पुन्हा धूर. मी सुकुमारकडे न जाता थेट मागच्या खुर्चीकडे गेलो.

"मला नगा दावू," अण्णा म्हणाले. "माजा कान गेलाय, पावणं."

मी म्हटलं, "बाटल्यांना कुठं कान लागतो?"

ते खुर्चीवरून उठले. बाटल्या लावल्या. दोन बाटल्या बघता बघता गळ्यापर्यंत आल्या, तिसरी त्यांच्या मागोमाग, आणि चौथीचंही काही खरं नव्हतं. अण्णांनी इंजेक्टर काढले, पुसले, उजेडात उलटे केले. अंगठ्याच्या नखाने पोटावरून चाचपत राहिले. एकावर, दुसऱ्यावर, पुन्हा पहिल्यावर. चंद्रकोर कशावरच नव्हती. ते माझे इंजेक्टर नव्हतेच.

आणि अण्णा हसले. इतक्या वर्षांत त्यांना असं तोंडभर हसताना मी पाहिलं नव्हतं. माझा दंड धरून म्हणाले, "माजा कान गेला न्हवता! पावणं, माजा कान गेलाच न्हवता!" मग बोटांवर मोजायला लागले, ही गाडी, ती गाडी, बाईंची गाडी. सगळ्या बरोबर ऐकल्या होत्या. दोन वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलला होता. मोजता मोजता त्यांचं बोट थांबलं. ह्या सगळ्या गाड्या खोलल्या कुणी, हे त्यांच्या ध्यानात आलं. चेहऱ्यावरचं हसू पुरतं मावळलंही नव्हतं आणि डोळे भरून आले. तो चेहरा मला फ्लेक्सवरच्या फोटोतही दिसतो.

सुकुमारला हाक मारली. त्याने इंजेक्टर बघितले, मला बघितलं, आणि नाकारलं नाही.

"व्हय, मी काढलं. चांगलं काढून झिजलेलं बसवलं, आन् चांगलं दुसऱ्याला नवं म्हणून घातलं. तुमच्या खरेपणावर दोन घरं चालत न्हाईत अण्णा. तुमी पाइप बदलून लोकास्नी वाटेला लावणार आन् मी पोरांच्या फिया कशानं भरू?"

"दोन वर्सं," अण्णा म्हणाले. "दोन वर्सं मी कानाला दोष देत बसलो. तू बघत हुतास की रं."

"मग सांगा की समद्यास्नी," सुकुमार म्हणाला. "बोर्डावर नाव तुमचं हाय. चोर कोण म्हणून लोक मला न्हाई इचारणार."

अण्णा खुर्चीवर जाऊन बसले. सुकुमारने माझ्याकडे वळून आवाज बदलला. "साहेब, तुमच्या गाडीला चार कोरे टाकतो. आत्ता. तुमच्या समोर डबा फोडतो. आपल्यातच ऱ्हाऊ द्या." मी मान हलवली. नुसती मान. कोऱ्या इंजेक्टरचे डबे फुटत होते तेव्हा अण्णा माझ्याकडे बघत होते आणि मी टायरकडे बघत होतो. साडेपाच वाजले, सहा वाजले, ऊन गेलं. ते हात धुवायला उठले नाहीत. त्या दिवशी ते जेवले नसणार.

निघताना ते गाडीच्या काचेशी आले. "पावणं, एक काम करशिला? बाईस्नी जाऊन सांगा, म्हातारा बरोबर हुता, पार्ट बदलले गेले. कुणी बदलले म्हणून इचारलं तर नाव घ्या. मी अडवत न्हाई. माज्या त्वांडातनं निगत न्हाई म्हणून तुमाला सांगतोय. मी त्यास्नी माजं चुकलं म्हणून सांगून आलोय. माजं चुकलंच न्हवतं. ह्ये खोटं हाय न्हवं माज्या नावावर?"

"सांगतो," मी म्हटलं.

दर मंगळवारी मी कागलला जात होतो. बाईंच्या नवऱ्याच्या दुकानात बसून चहा पीत होतो. तोंड उघडायला दोन मिनिटं लागली असती. पण सांगितलं असतं तर त्यांनी पुढचं विचारलं असतं, तुम्हाला हे कसं कळलं, आणि तुमच्या गाडीचं काय केलंत. मग चार कोरे इंजेक्टर बाहेर आले असते. आपल्याला काय करायचंय, दोघा भावांचं ते बघून घेतील, उगाच पोलिसात वगैरे जायला नको, असली वाक्यं मी गाडी चालवताना स्वतःलाच ऐकवत होतो. गाडी छान चालत होती.

तीन आठवड्यांनी अण्णांचा फोन आला. "सांगितलासा?"

"हो," मी म्हटलं.

"काय म्हणाल्या?"

आता ह्याला उत्तर हवं होतं. मी म्हटलं, "वाईट वाटलं त्यांना. म्हणाल्या, अण्णांना उगाच बोलले."

"आसं म्हणाल्या?" त्यांनी मला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं आणि मी दुसऱ्या वेळी त्यात भरही घातली. म्हणाल्या, अण्णांसारखा माणूस नाही. म्हणाल्या, कधीतरी गाडी पुन्हा त्यांनाच दाखवायची आहे.

त्यानंतर अण्णा गॅरेजवर फारसे आले नाहीत. पुढे कुरुंदवाडला जाऊन राहिले आणि तिथंच गेले. कागलला काय झालं ते मला माहीत नाही. मी ती फेरी एका सहकाऱ्याला देऊन टाकली आणि त्याच्याकडेही चौकशी केली नाही.

मला ते शेवटचे दिसले ते मध्यवर्ती बसस्थानकावर, भाद्रपदात. जैनांचा क्षमावाणीचा दिवस होता. वर्षभरात ज्याच्या बाबतीत आपलं काही चुकलं असेल त्याच्याकडे जाऊन ‘उत्तम क्षमा’ म्हणायचं, असा तो दिवस. सुकुमारचा मेसेज सकाळीच सगळ्या गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर आला होता, जोडलेल्या हातांच्या चित्रासह. मी मेहुणीला पुण्याच्या गाडीत बसवून परत येत होतो. कागलच्या एसटीतून हाक आली. "ओ पावणं!"

खिडकीशी अण्णा. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, मांडीवर पेढ्यांचा पुडा.

"बाईंच्याकडं चाललोय," म्हणाले. "त्यांनी मोठं मन केलं, तवा आपण बी जाया पायजे. त्या दिवशी मी त्यास्नी खोटं सांगून आलतो, त्येची क्षमा मागून येतो."

ड्रायव्हर अजून टपरीवर चहा पीत उभा होता. कंडक्टर यायचा होता. मला चांगली पाच मिनिटं मिळाली होती. अण्णा, उतरा, मी बाईंना काही सांगितलेलं नाही, एवढंच म्हणायचं होतं.

"गाडी कशी हाय?" त्यांनी विचारलं.

"छान."

"वाघबिळाला तिसऱ्यावर चढती?"

"चढते," मी म्हटलं.

ड्रायव्हर आला, कंडक्टरने दार ओढलं. इंजिन चालू झालं तसं अण्णांनी डोळे मिटले आणि मान किंचित कलती केली. दोन वर्षांत मी त्यांना असं करताना पाहिलं नव्हतं. मग डोळे उघडून ते शेजारच्या अनोळखी माणसाला मोठ्याने, खात्रीने सांगायला लागले, "एक सिलिंडर मारत न्हाई बगा हिचं. चढाला दम लागणार हिला. माजं ऐकून ठेवा, माजा कान चुकत न्हाई."

तो माणूस मान डोलवत होता. गाडी फाटकातून बाहेर पडून कागलच्या दिशेने वळली, तेव्हा अण्णा त्याला अजून काहीतरी समजावून सांगत होते.